अंगठ्याआडचा गोल

परवा ग्राउंडवर पोरं परत फुटबॉलच्या व्हीएआरला, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीची चूक सांगणाऱ्यांना, शिव्या द्यायलेली, की गोल झाल्यावर नाचावं की थांबावं तेच कळत नाही, खांदा दोन इंच पुढं होता म्हणून गोल रद्द, मजाच गेली राव. खोटं नाही ते. पण मला ११ जून २०२४ ची रात्र आठवते अन् मी गप बसतो.

दोहा, भारत विरुद्ध कतार, वर्ल्डकप क्वालिफायर, जिंकलो की तिसरी फेरी. आम्ही चौघं परभणीत दोस्ताच्या रूमवर, एकाच मोबाईलवर, तो पण तांब्याला टेकवलेला. ३७ व्या मिनिटाला आपल्या छांगतेनं गोल मारला तेव्हा खालून मालक ओरडले. मग ७३ वं मिनिट. आपला गोलकीपर गुरप्रीतनं अडवलेला बॉल गोललाईनच्या बाहेर गेला, चांगला गेला, कतारच्या प्लेयरनं पायानं आत ओढला अन् दुसऱ्यानं जाळीत घातला. आमची पोरं हात वर करून थांबलेली, रेफ्रीनं गोल दिला. त्या फेरीत व्हीएआरच नव्हतं! २-१ हरलो, बाहेर. आम्हाला परभणीत बसून दिसलं ते रेफ्रीला दाखवणारं कोणीच नाही.

आता व्हीएआर म्हणजे देव नाही. गोल, पेनल्टी, डायरेक्ट रेड कार्ड अन् चुकीच्या माणसाला कार्ड, त्या वेळी एवढ्यातच ते बोलायचं. अन् माणसं तिथं पण माणसंच. २०२३ ला इंग्लंडच्या लीगमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या डियाझचा गोल ऑनसाईड, म्हणजे नियमात, होता, तरी लाईनमननं झेंडा वर केला, व्हीएआरवाल्यांना वाटलं मैदानात गोल दिलाय, चेक कम्प्लीट म्हणून मोकळे झाले, अन् चूक कळेपर्यंत खेळ पुढं गेलेला. पण ही गडबड एकमेकांशी बोलण्याची, कॅमेऱ्याची नाही. बॉल लाईनबाहेर गेला का नाही यात मत कसलं आलंय, बघायचं अन् सांगायचं.

आमच्या ग्राउंडवर गोलला जाळी नाही, त्यामुळं बॉल पोलच्या आतून गेला का बाहेरून यावर कायम राडा, फक्कीची लाईन तर हाफटाईमपर्यंत पुसूनच जाते. मागच्या स्पर्धेत फायनलला असंच झालं, रेफ्री सर म्हणले कोणाकडं शूटिंग आहे का. एका पोराकडं होतं. सगळे बावीस जण त्याच्या मोबाईलवर वाकले, सरांनी उन्हात हाताची सावली धरली. शॉट लागतो, बॉल पोलाजवळ येतो, अन् नेमका तिथंच पोराचा अंगठा कॅमेऱ्यावर. सरांनी तीनदा बघितलं.

मग टॉस केला.