आम्ही वाकनीस

"वाघनीस ना?" काउंटरपलीकडच्या मुलीने विचारलं. मी म्हटलं, "नाही, वाकनीस. वाटीतला वा, कमळातला क, नळातला न, सशातला स." तिने मान डोलावली, टाइप केलं आणि पावती दिली. पावतीवर 'वाकणीस'. तिच्या बोटांना फडणीस, चिटणीस लिहायची सवय असणार.

आमच्या घरात प्रत्येक कागदावर आम्ही वेगळे आहोत. रेशनकार्डावर वाकणिस, मतदारयादीत वाघनिस, आणि एका वीजबिलावर तर वर्षभर नुसतं 'वाकन'. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर तेवढं बरोबर आहे, कारण फॉर्म भरताना बाबा शेजारी उभे होते.

शाळेत पीटीच्या तासाला मुली म्हणायच्या, "ए वाकनीस, वाकून दाखव." मी घरी येऊन रडले होते. तेव्हा थोरल्या काकांनी मला मांडीवर घेऊन सांगितलं की आपलं आडनाव 'वाक्' पासून आलंय. वाक् म्हणजे वाणी, ईश म्हणजे स्वामी. आपण सरस्वतीचे लाडके. मी ते पुढची वीस वर्षं सगळ्यांना सांगत फिरले. काकांनी प्रेमापोटी सांगितलं होतं, पण ते खरं नव्हतं. खरं आहे ते मला त्याहून जास्त आवडतं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी 'नीस'. फारसीत 'नविश्तन' म्हणजे लिहिणं, आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठी माणसाच्या तोंडी तो झिजून 'नीस' झाला. फर्द म्हणजे यादीचा, हिशेबाचा कागद. तो लिहिणारा फर्दनवीस, त्याचा फडणीस झाला, आणि काही घरांत 'व' टिकून फडणवीस. दरबारचा फारसी पत्रव्यवहार बघणारा पारसनीस. पोते म्हणजे खजिना, त्याचा हिशेब लिहिणारा पोतनीस.

आता 'वाक'. हा मूळचा अरबी 'वाकिया', म्हणजे घडलेली गोष्ट. या शब्दाच्या मुळाशी 'पडणं' आहे: जे येऊन पडतं ते घडतं. आपणही म्हणतोच की, प्रसंग पडला, वेळ पडली, गाठ पडली. याच अरबी धातूपासून 'मौका' आला, आणि आपण रोज म्हणतो ती 'मोक्याची जागा'. मोक्याच्या जागेचं आणि माझं मूळ एक आहे हे कळलं त्या दिवशी मी बसस्टॉपवर उभी राहून बाबांना फोन केला होता. (वाकबगार मात्र आमच्यातला नाही. तो 'वाकिफ' म्हणजे जाणकार, त्यापासून आलेला.)

तर वाकिया-नवीस, वाकेनवीस, वाकनीस. घडलं ते लिहिणारा.

अबुल फझलने अकबराच्या कारभाराचं जे वर्णन करून ठेवलंय, त्यात या हुद्द्यावर वेगळं प्रकरण आहे. बादशहाने १४ लेखनिक नेमले होते. रोज दोघांची पाळी असे. बादशहा काय बोलला, काय खाल्लं, कधी झोपला, कधी उठला, कुणाला काय दिलं, शिकारीला कुठे गेला, सगळं टिपायचं. ती नोंद तपासून बादशहापुढे ठेवली जाई आणि त्याने मान्य केली की तिची नक्कल निघे. पुढे सुभ्यासुभ्यांत असे वाकेनवीस बसवले गेले. ते तिथल्या घडामोडी परस्पर दरबाराला कळवत, म्हणजे खुद्द सुभेदारही त्यांच्या लेखणीच्या टप्प्यात असे. शिवाय खुफियानवीस वेगळे, ते कोण हे कुणाला माहीत नसायचं.

दख्खनेत हा शब्द रुळला आणि महाराजांच्या कारभारातही आला. सभासदाच्या बखरीत लष्कराची बांधणी सांगताना बातमीसाठी वाकनीस, हरकारे, जासूद नेमल्याचं येतं. आणि १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत दत्ताजी त्रिंबक वाकनीस होते. महाराजांनी तेव्हा हुद्द्यांची फारसी नावं बदलून संस्कृत केली. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती. वाकनिसाचा झाला मंत्री. रघुनाथपंत हणमंत्यांकडे सोपवलेला राज्यव्यवहारकोश हा याच कामाचा भाग. मंत्र्याकडे राजकारणातला सल्ला, राजाकडची आमंत्रणं-निमंत्रणं आणि वाकनिशी ही कामं होती.

गंमत अशी की हुद्दे बदलले तरी घरांची नावं सगळी बदलली नाहीत. डबीर, मुजुमदार, सरनोबत आजही भेटतात. आणि थोडेसे आम्ही. मंत्री या शब्दात सल्ला आहे, मान आहे, पण लिहिणं त्यातून गळून पडलं. माझ्या मते तो शब्द मोठा असला तरी आमचा जुना शब्द जास्त नेमका आहे. मंत्र्याने काय करावं ते सांगायचं. वाकनिसाने काय झालं तेवढंच.

दत्ताजीपंतांशी नातं जोडायचा मोह आमच्याकडे अनेकांना झाला, लग्नाच्या बैठकीत तर फारच. आजोबा तो विषय तिथेच थांबवायचे. "कागद आहे का? नाही ना? मग कागदाशिवाय वाकनिसाने बोलू नये."

आजोबा सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि रोजनिशी लिहायचे. शब्द बघा, रोज-निशी. आमचाच 'नीस' त्यात आहे. त्यांच्या २३ वह्या आहेत, लाल खारव्याच्या कापडात बांधलेल्या. सुरुवातीच्या सहा मोडीत आहेत. त्या वाचता याव्यात म्हणून मी पंचेचाळिसाव्या वर्षी मोडीच्या वर्गाला गेले. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायचं, शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही. मोडीत ह्रस्व-दीर्घ इकाराचा भेद पाळत नाहीत. म्हणजे ज्या ह्रस्व-दीर्घासाठी बाबा जन्मभर कारकुनांशी भांडले, तो भेद आजोबांच्या सहीत नव्हताच. न मात्र स्वच्छ न आहे.

त्या वह्यांत आजोबांनी स्वतःला काय वाटलं ते एकदाही लिहिलेलं नाही. पाऊस, भाव, पाहुणे, पत्रं, गाय. कोयनेचा भूकंप झाला त्या दिवशीची, ११ डिसेंबर १९६७ ची नोंद मला पाठ आहे: 'पहाटे ४ नंतर धरणी हालली. सर्वजण अंगणात. समई पडली, तेल सांडले. भिंतीस माजघरात चीर. गाय सुखरूप. शाळेत गेलो, मुले ७.' त्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालं होतं, हे पुढच्या चार दिवसांच्या नोंदींत तुकड्यातुकड्याने येतं. कोण कुठून आलं, त्याने काय सांगितलं. जो सांगेल त्याचं गाव आधी, मग बातमी. ऐकीव असेल तर शेवटी 'ऐकीव' असा शब्द.

आजी गेली त्या दिवशीचं पान मी बरीच वर्षं उघडलं नव्हतं. मोठं काही असेल अशी भीती होती. उघडलं तर तीन ओळी. 'पहाटे ही गेली. दूध परत पाठविले. पाऊस नाही.' 'ही' वर शाई फुटली आहे, टाक तिथे थांबला असावा. दुसऱ्या दिवशीची नोंद नाही. २३ वह्यांत कोरा सोडलेला तो एकच दिवस.

काकांना मी हे सगळं त्यांच्या शेवटच्या आजारपणात वाचून दाखवलं. वाक् आणि ईश यांचं काय, असं त्यांनी विचारलं नाही. समईची ओळ मात्र पुन्हा वाचायला लावली. ती समई त्यांच्या अंगावर पडता पडता राहिली होती म्हणाले. ते वहीत नव्हतं. मी पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवलं, त्यांचं नाव घालून, तारखेसह.

पावती घेऊन मी काल परत त्या काउंटरवर गेले. मुलगी तीच होती, तिने हसून दुरुस्त करून दिली. रात्री माझ्या वहीत लिहिलं: 'पावतीवरचा ण गेला, न आला. दुपारी ४ नंतर पाऊस. भाचीचा फोन.'