चाबोचं रवण आणि लांब पायांची तलंग

या हिवाळ्यातलं चाबो कोंबड्यांचं रवण, म्हणजे खुडूक कोंबडीखाली अंडी उबवणं, पार पडलं. पिल्लं आता आईमागे अंगणभर हिंडतात. आखूड पायांच्या नराला लांब पायांची मादी लावली तर अंड्यात मरणारी पिल्लं टळतात का, या प्रश्नासाठी या वेळी मुद्दाम जोडी बदलली होती, त्याचं उत्तरही बऱ्यापैकी हाती आलं आहे. ज्यांच्याकडे आखूड पायांचे बँटम, म्हणजे बुटक्या जातीच्या कोंबड्या, आहेत त्यांच्यासाठी ही नोंद जरा सविस्तर लिहितो.

चाबो म्हणजे जपानी बँटम. नर पाचशे-सहाशे ग्रॅमचा, मादी त्याहून हलकी. शेपटी डोक्याच्याही वर ताठ उभी आणि पाय इतके आखूड की पंखांची टोकं जमिनीला टेकतात. जपानने १९४१ साली या जातीला नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. आपल्याकडे लोक भुलतात ते त्या पायांनाच, आणि अडचणही तिथेच आहे. पाय आखूड करणारं जनुक एकाच पालकाकडून आलं तर पिल्लू ठणठणीत असतं, फक्त ठेंगणं. दोघांकडून आलं तर ते अंड्यातच मरतं, बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी. वॉल्टर लँडाउअर आणि एल. सी. डन या जनुकशास्त्रज्ञांनी 'क्रीपर' या अशाच ठेंगण्या कोंबड्यांवर काम करून १९३० साली हा वारसा उलगडून दाखवला. म्हणजे जिवंत दिसणारा प्रत्येक आखूड पायांचा चाबो आखूड पायांचं एक आणि लांब पायांचं एक अशी दोन्ही जनुकं पोटात बाळगून असतो.

आता बारा अंड्यांचा हिशेब मांडा. नर-मादी दोन्ही आखूड पायांचे असतील तर सरासरीने तीन अंड्यांतली पिल्लं मरणार, सहा आखूड आणि तीन लांब पायांची निघणार. नर आखूड आणि मादी लांब पायांची असेल तर सहा आखूड, सहा लांब, आणि या कारणाने मरणारं एकही नाही. आखूड पिल्लं दोन्हीकडे सहाच! मग जी पिल्लं मरतात ती कशासाठी मरू द्यायची? बाजारात मात्र दोन्ही आखूड असलेली जोडी 'प्युअर' म्हणून चढ्या भावाने जाते आणि लांब पायांची भावंडं कुणी घेत नाही. मला हे चुकीचं वाटतं. लांब पायांची चाबो तलंग, म्हणजे तरुण मादी, आखूड पायांच्या नराइतकीच मोलाची आहे. फक्त दोन्ही बाजूंनी लांब पाय घेऊ नका, त्या जोडीतून आखूड पिल्लू कधीच निघत नाही.

तर या वेळी काळ्या शेपटीचा पांढरा आखूड नर आणि लांब पायांची मादी अशी जोडी लावली. मादीला आधीच्या नरापासून वेगळं केल्यावर तीन आठवडे तिची अंडी रवणासाठी घेतली नाहीत. कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन-दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त टिकतं. त्यामुळे घाईत गोळा केलेल्या अंड्यांचा बाप कोण हे सांगता येत नाही. नंतरची अंडी माजघरातल्या गार कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवली, रोज कूस बदलली आणि सात-आठ दिवसांपेक्षा जुनी होऊ दिली नाहीत.

चाबो मादी स्वतः छान खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, पण तिच्या पोटाखाली स्वतःची पाच-सहा अंडीच नीट मावतात. भारी अंगाची असील बसवली तर ही चिमुकली अंडी पायाखाली फुटायची भीती. मला हवी होती हलक्या अंगाची, अनुभवी गावठी. शेजारच्या काकूंची तांबडी त्याच सुमाराला खुडूक झाली. काकूंनी ती आनंदाने दिली आणि बजावलं, "दिवसा हलवू नकोस हो तिला, काळोख पडल्यावर उचल. आणि अंडी लगेच घालू नको, दोन दिवस बस म्हणावं नुसत्यावर."

तसंच केलं. बांबूच्या पसरट टोपलीत तळाला किंचित ओलसर माती, वर भाताचा पेंढा, पेंढ्यात निरगुडीचा पाला, आणि दोन खोटी अंडी. हात जवळ नेला की अंग फुगवून गुरगुरते, उठवली तरी परत येऊन बसते, पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी आणि गरम लागते, या तिन्ही गोष्टी दिसल्यावर तिसऱ्या रात्री चाबोची दहा अंडी खाली सरकवली. त्याआधी पंखाखाली, शेपटीच्या बुडाशी उवा पाहून घेतल्या. रवणावर बसलेली कोंबडी धुळीत कमी लोळते, त्यामुळे उवा त्या काळात फार वाढतात आणि कंटाळून ती अंडी सोडते. जवळच राख आणि वाळूचं घमेलं ठेवलं. टोपली ठेवली त्या चौरंगाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. कोकणात हे टाळून चालत नाही, पिल्लाने आतून टोच पाडलेल्या अंड्यावर मुंग्या चढल्या की आतलं पिल्लू वाचत नाही. खुराड्याला बारीक जाळी आहेच, मुंगूस आणि धामण दोघांसाठी.

खाणं फक्त अख्खे दाणे, मका आणि भात. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं ती उठते तेवढ्याने अंडी गार पडून काही बिघडत नाही.

सातव्या रात्री अंडी बॅटरीवर धरली. मागच्या हंगामात दोन्ही आखूड पायांच्या जोडीच्या अंड्यांत दर रवणाला रक्ताची कडी दिसायची, म्हणजे गर्भ सुरू होऊन मेलेला. या वेळी एकही कडं नाही! एक अंडं फळलेलंच नव्हतं, बाकी नऊंमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मधे हलणारा ठिपका. त्या रात्री फार बरं वाटलं.

अठराव्या दिवसापासून हात लावला नाही. मोठ्या कोंबडीला एकवीस दिवस लागतात, बँटम बरेचदा त्याआधीच निघतात. एकोणिसाव्या संध्याकाळी टोपलीतून बारीक चिवचिव आणि तांबडीचं हलकं प्रत्युत्तर ऐकू आलं. विसाव्या रात्रीपर्यंत आठ पिल्लं बाहेर होती, एक पूर्ण वाढून आतच राहिलं. पायांचा फरक पहिल्या दिवशीच कळतो: पाच आखूड, तीन लांब. एवढ्याशा आकड्यावरून प्रमाण सिद्ध होत नाही, पण कडी दिसली नाहीत ही गोष्ट माझ्यासाठी मोठी आहे. पिल्लांच्या पोटात बलक शिल्लक असतो, दोन दिवस खाणं नसलं तरी चालतं. म्हणून तांबडी स्वतःहून उठेपर्यंत मी तिला उठवलं नाही.

पहिला आठवडा मायलेकरं डाल्याखाली. गावठी कोंबडीची चाल लांब असते, आखूड पायांची पिल्लं तिच्यामागे दमतात आणि दवाने भिजलेल्या गवतात गारठतात. उन्हं चढल्यावरच बाहेर सोडतो. पाणी बरणीच्या झाकणात, त्यात खडे टाकून, कारण वाटीत हे जीव बुडतात. तांदळाच्या कण्याही यांना मोठ्या पडतात, पिल्लांचं खाद्य मिक्सरवर फिरवून देतो. सहाव्या दिवशी मानमोडी म्हणजे राणीखेत रोगासाठी लासोटा लसीचा एकेक थेंब डोळ्यात घातला. कुपी मोठ्या कळपाच्या मापाने येते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या सगळ्यांच्या पिल्लांना त्याच सकाळी लस दिली, बर्फाच्या थर्मासमध्ये कुपी घेऊन घरोघर फिरलो.

आता तांबडी आठही पिल्लांना उकरून दाखवते, घार दिसली की एका हाकेत पंखाखाली घेते. कृत्रिम उबेखाली वाढवलेल्या पिल्लांना ही शिकवण कुठून मिळणार?

लांब पायांच्या तिघांपैकी तलंगा किती हे अजून महिनाभराने कळेल. निघतील त्या सगळ्या ठेवणार आहे. त्यांना बापाशी लावायचं नाही, वेगळ्या रक्ताचा आखूड नर हवा. चैत्र-वैशाखात मी रवण बसवत नाही, गोळा केलेली अंडी त्या उन्हात खोलीतच अर्धवट फुलू लागतात. त्यामुळे पावसाळा ओसरेपर्यंत नर शोधायला वेळ आहे. कुणाकडे काळ्या शेपटीच्या पांढऱ्याचा दुसरा वंश असेल आणि लांब पायांची तलंग अदलाबदलीत चालणार असेल, तर माझ्याकडची एक त्यांच्यासाठी राखून ठेवीन.