चौदा जण, पाच दिवस आणि बोलायचं नाही

पहिली चूक माझीच. चर्चच्या नोटीस बोर्डावर मी खडूने लिहिलं, ‘गोवा सहल व साधना’. दोन रविवारांत एकवीस नावं आली. तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर मी खुलासा केला, की पाच दिवस मौन आहे, फोन जमा करायचा आहे आणि समुद्र एकदाही दिसणार नाही. सात नावं तिथल्या तिथे गळाली. उरलो चौदा जण, मिरजेचे अकरा आणि सांगलीचे तिघे. सगळ्यात लहान मुलगा बावीसचा, सगळ्यात मोठ्या काकू एकाहत्तरच्या.

आमची मंडळी प्रॉटेस्टंट. आमच्याकडे भक्ती म्हणजे आवाज. पेटी, तबला, टाळ, नारायण वामन टिळकांची भजनं, मग पाऊण तासाचा उपदेश, आणि सामुदायिक प्रार्थनेत सगळे एकदम मोठ्याने. मध्ये शांतता पडली की वाटतं माइक बंद पडला. अशा लोकांनी कॅथलिकांच्या साधनागृहात जाऊन गप्प बसायचं, हे कमिटीत बऱ्याच जणांच्या पचनी पडत नव्हतं. ‘तिथे जपमाळ धरायला लावतील का?’ हा प्रश्न रीतसर विचारला गेला आणि इतिवृत्तात नोंदवलाही गेला. आम्हाला कुणी धरायला लावली नाही, मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, हीसुद्धा आमच्यासाठी ऐच्छिक होती. तरी तुम्ही हे आधी फोनवर विचारून घ्या, म्हणजे घरी वाद होत नाहीत.

आम्ही जुलैत गेलो. मिरजेहून रात्रीची गोवा एक्स्प्रेस धरली. लोंढा, कॅसलरॉक, कुळें करत ती पहाटे मडगावला सोडते. दूधसागर अंधारातच मागे पडतो, त्यामुळे त्यासाठी खिडकीवरून भांडू नका. मुंबईकडच्यांनी कोकणकन्या किंवा मांडवीने थेट करमळीला उतरावं, जुनं गोवं तिथून दोन-तीन किलोमीटरवर आहे. फक्त पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, जुन्या तिकिटावरची वेळ धरून बसू नका. आम्ही मडगावहून कदंबाच्या बसने पणजी गाठली आणि तिथून दुसऱ्या बसने दहा किलोमीटर जुनं गोवं. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. स्थानिक टॅक्सी किंवा गोवामाइल्स, नाहीतर आधी सांगून ठेवलेली मिनीबस. मी पैसे वाचवले आणि काकूंना भर पावसात दोन बस बदलायला लावल्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मौन सुरू व्हायला तेव्हा अजून सात तास होते.

साधनागृह टेकडीवर, मंगळुरी कौलांचं. खोलीत एक खाट, एक टेबल, एक पंखा, भिंतीवर क्रूस. संडास-बाथरूम काही खोल्यांना आत, काहींना व्हरांड्याच्या टोकाला. गुडघे दुखणाऱ्यांची यादी आधीच कळवलीत तर तळमजला मिळतो. आम्ही कळवली नव्हती.

साधनेचे प्रकार आधी समजून घ्या, कारण बुकिंग करताना तेच विचारतात. प्रवचनाच्या साधनेत एक धर्मगुरू दिवसातून तीन-चारदा बोलतो आणि गट ऐकतो. मार्गदर्शनाच्या साधनेत बोलणं फार थोडं, प्रत्येकाने आपापलं बायबल घेऊन बसायचं आणि दिवसातून एकदा मार्गदर्शकाला एकट्याने भेटायचं. करिष्माई साधना तिसरी. त्यात गाणं, स्तुती, आरोग्यासाठी प्रार्थना असतात, आणि खरं सांगायचं तर आमच्या लोकांना तीच जास्त सोयीची पडली असती. आम्ही दुसरी निवडली, तीही लोयोलाच्या इग्नेशियसच्या पद्धतीची.

हा इग्नेशियस मुळात शिपाईगडी. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणावर पडून राहिला आणि तिथून त्याचं आयुष्य फिरलं. पुढे मानरेसा गावी राहून त्याने जे अनुभवलं ते त्याने टिपणांत उतरवलं, आणि त्या साधनापद्धतीला १५४८ मध्ये पोप तिसऱ्या पॉलने मान्यता दिली. मूळ साधना तीस दिवसांची, चार ‘आठवड्यांची’. त्याने स्थापलेल्या येशूसंघात (जेझुइट) येणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीलाच ती करावी लागते. आमच्यासारख्या संसारी लोकांसाठी आठ, पाच, तीन दिवसांचे अवतार आहेत. मूळ पद्धत मात्र एका माणसाने एकाला देण्याची. गटाला एकत्र बसवून प्रवचनं देण्याची रीत नंतर रुळली, आणि एकेकट्याला मार्गदर्शन करण्याकडे परत वळण आलं ते कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. मग चौदा जणांनी एकत्र जाऊन करायचं काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात जातानाच होता.

आमच्या मार्गदर्शक सिस्टर सावंतवाडीकडच्या. मराठी स्वच्छ, मध्येच मालवणी हेल. हे नशीब समजा. गोव्यात बऱ्याच साधना कोंकणीत किंवा इंग्रजीत होतात, तेव्हा मराठीत मिळेल का हे सगळ्यात आधी विचारा. प्रवचन कोंकणीतलं समजतं, पण आपल्या मनातलं दुसऱ्या भाषेत सांगायला गेलं की माणूस शहाण्यासारखं बोलायला लागतो. मी पहिल्या भेटीत मराठीतही तेच केलं. मार्कच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय नेमून दिला होता, मी त्यावर पाच मुद्दे काढून नेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “भाऊ, काय कळलं ते नको. काय झालं ते सांगा.” झालं काहीच नव्हतं.

परत बसायला सांगितलं, त्याच उताऱ्यावर. या पद्धतीत प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा असतो. रस्ता, धूळ, गर्दी, कोण कुठे उभं आहे, कसला वास येतो. मला यरीहोची धूळ काही दिसेना, बाहेर कौलांवर पाऊस धबधबा पडत होता. बार्तीमय आपला झगा टाकून उठतो, एवढंच डोक्यात राहिलं. आणि समोर खुंटीवर माझा रेनकोट. त्याच्या बाहीतून थेंब खाली ठेवलेल्या वहीच्या पुठ्ठ्यावर पडत होते. वहीत चौदा जणांचा हिशोब, कुणाचे किती आले, कुणाचे राहिले. पाऊण तासातली निम्मी वेळ मी मिनीबस केली असती तर माणशी किती पडलं असतं याचा भागाकार करत होतो. संध्याकाळी हेच सिस्टरांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. “हां, आता प्रार्थनेचं बोललात,” म्हणाल्या. वही मी त्यांच्याकडे जमा केली.

फोन मात्र सगळे जमा केले नव्हते. माझ्याकडे लॅबचा दुसरा हँडसेट होता. पॅथॉलॉजी लॅब चालवतो, मशीन बंद पडलं तर काय, अशी स्वतःची समजूत घातली होती. दुसऱ्या रात्री बाथरूममध्ये जाऊन मेसेज बघितले. एक किट संपलं होतं, ते दुसऱ्या दिवशी येणारही होतं, त्यात मी करण्यासारखं काही नव्हतं. तरी पुढचा अख्खा दिवस गेला. घरी साधनागृहाच्या ऑफिसचा नंबर देऊन ठेवा, निकड असेल तर ते बोलावतात, आणि दुसरा फोन घरीच ठेवा.

तिसरा दिवस सगळ्यांनाच जड जातो, असं सिस्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. इग्नेशियसने याला नियम घालून दिलेत. मन कोरडं पडलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. आणि बसवत नसेल तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायचं. ऐकायला बरं वाटतं, पण तिसऱ्या दुपारी हे दोन्ही नियम शत्रूने केल्यासारखे वाटतात. आमच्या बावीस वर्षांच्या पोराने त्या दुपारी बॅग भरली. शेवटच्या रात्री त्यानेच सांगितलं, “फाटकापर्यंत जायला व्हरांड्यातूनच वाट होती. तिथे काकू खुर्चीवर बसून पेंगत होत्या, मांडीवर बायबल. त्यांच्यासमोरून बॅग न्यायची लाज वाटली.” परत खोलीत गेला आणि झोपला. चार तास. उठल्यावर बरं वाटलं म्हणे.

एवढंच. गटाने जायचं ते यासाठी, असं मला वाटतं. एकटा असता तर पोरगा संध्याकाळच्या गाडीत असता, आणि मीही. इतर तेरा जण काही करत नसतात, फक्त बसलेले असतात, आणि त्यांच्यामुळे आपण उठत नाही. मंडळीत ज्या दोन भावांचं जागेच्या वादावरून वर्षभर बोलणं नव्हतं ते पाच दिवस समोरासमोर जेवले. इथे कुणीच कुणाशी बोलत नसल्याने त्यांचं न बोलणं उठून दिसलं नाही. चौथ्या दिवशी एकाने ताट पुढे करून खुणेने मीठ मागितलं, दुसऱ्याने दिलं. मिरजेत परत आल्यावर वाद मिटला का? नाही, तारखा चालू आहेत. पण मीठ दिलं ते मी पाहिलं.

जेवण साधं आणि छान. सकाळी सहाच्या सुमाराला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत टेकडी चढतो, मौनात तो आवाज देवळाच्या घंटेएवढा मोठा वाटतो. गरम पोई, भाजी, चहा. दुपारी शितकडी, बहुतेक मासळीची. शाकाहारी असाल तर आधी कळवा. मधुमेहवाल्यांनी आपला खाऊ जवळ ठेवावा, दोन जेवणांमधलं अंतर मोठं असतं.

मिस्सेबद्दल एक स्पष्ट सांगतो. पवित्र भाकर कॅथलिक नसलेल्यांना देत नाहीत. रांगेत हात छातीवर आडवे धरून गेलात तर धर्मगुरू आशीर्वाद देतात. हे आम्हाला माहीत होतं तरी जागेवर बसून राहताना मला टोचलं, आणि ते तसं टोचलं हे लपवण्यात अर्थ नाही. काकू सूचना विसरून हात पुढे करूनच गेल्या. फादरनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मौन सुटल्यावर काकू मला म्हणाल्या, “आपल्या प्रभुभोजनाला त्यांना बोलवा हो. आपण देऊ.”

शेवटच्या रात्री अनुभव सांगायची बैठक होती. नियम दोनच. कुणी कुणाच्या बोलण्यावर मत द्यायचं नाही, आणि सांगायचं नसेल तर पुढच्याला खूण करायची. आमच्या एका वडीलधाऱ्यांनी तिसऱ्या वाक्यात उपदेश सुरू केला. सिस्टरांनी टेबलावरची छोटी घंटा वाजवली. ते चमकून थांबले आणि खाली बसले. मग खूप वेळाने परत उठून एक वाक्य बोलले, ते इथे लिहीत नाही. त्यानंतर टाळ निघाले.

बघण्यासारखं काय, हे लोक विचारतातच. साधनेच्या आधी हिंडू नका, डोकं शिणतं. नंतर एक दिवस ठेवा. बॉम जेझू बॅसिलिका पायी अंतरावर होती. १५९४ ला सुरू होऊन १६०५ ला पूर्ण झालेली, गिलावा नसलेला उघडा जांभा, पावसात काळपट लाल दिसतो. आत संत फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेली चांदीची पेटी. हा माणूस ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला आणि हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून पोरं गोळा करायचा. त्याने स्वतः ही साधना पॅरिसमध्ये १५३४ साली इग्नेशियसकडूनच घेतली होती. पाच दिवस तीच करून त्या पेटीसमोर उभं राहणं आणि नुसतं टूर बसमधून उतरून उभं राहणं यात फरक पडतो. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. व्हॉइसरॉयच्या कमानीखालून खाली गेलं की दिवाडी बेटाची फेरीबोट, पायी जाणाऱ्याला फुकट. मराठी वाचणाऱ्यांनी वेळ असेल तर मडगावजवळ राशोलला जावं. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या इंग्रज फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, मराठी ओवीतलं, १६१६ साली तिथे छापलं गेलं. आम्हाला गाडी पकडायची होती, राहून गेलं.

कधी जावं? नोव्हेंबरअखेरीस झेवियरचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होतो आणि ३ डिसेंबरला सण. त्या काळात जुन्या गोव्यात मौन शोधू नका. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात साधनागृहं लवकर भरतात. पावसाळ्यात जागा मिळते आणि शांतताही, पण कपडे वाळत नाहीत, वीज जाते आणि डास असतात. सुती कपड्यांचे तीन जोड, ओडोमॉस, टॉर्च, आपलं स्वतःचं बायबल (त्यांच्यात जुन्या करारात सात पुस्तकं जास्त आहेत, गोंधळ उडतो), एक कोरी वही. खर्च आम्हाला माणशी दिवसाला किनाऱ्यावरच्या साध्या लॉजपेक्षा कमी पडला. मार्गदर्शकांसाठी वेगळं पाकीट द्यायची पद्धत आहे, ते आधी विचारा, निघताना कुजबुज नको. गट बारा-चौदाच्या वर नेऊ नका, एका मार्गदर्शकाला रोज तेवढ्यांनाही भेटणं जेमतेम जमतं.

यंदा बोर्डावर मी ‘साधना, गोवा’ एवढंच लिहिलंय. नऊ नावं आली आहेत. सगळ्यात वर काकूंचं, पुढे कंसात ‘मिनीबस असेल तर’.