नंबर उतरवण्याआधी कॉर्नियाचा हिशेब

लेझर करून चष्मा घालवायचा विचार सुरू झाला की पहिले दोन प्रश्न ठरलेले: खर्च किती, आणि दुखतं का? भूल थेंबांची असते, दोन्ही डोळ्यांचं काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं, आणि खर्च मशीनप्रमाणे बदलतो. पण करावं की नाही, हे यातल्या कशानेच ठरत नाही. ते ठरतं ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत, आणि ती तपासणी बहुतेक जण एक सोपस्कार म्हणून उरकतात. माझा सगळा आग्रह त्या कागदांसाठी आहे.

कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, डोळ्याच्या एकूण भिंगशक्तीपैकी साधारण दोन-तृतीयांश काम करतो. मायनस नंबर घालवायचा तर त्याचा मधला भाग थोडा सपाट करावा लागतो. एक्सायमर लेझर तिथला मायक्रॉन-मायक्रॉन थर उडवून तेच करतो. वरची पातळ त्वचा काही दिवसांत पुन्हा येते, पण तिच्या खालचा मुख्य थर गेला की परत भरून येत नाही. म्हणून सगळा मामला वजाबाकीचा आहे, आणि ती वजाबाकी तुम्हाला स्वतःला कागदावर करता येते.

कॉर्नियाची मधली जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्धा मिलिमीटर. लेसिक या लेझर पद्धतीत आधी १०० ते १२० मायक्रॉनची झडप, म्हणजे फ्लॅप, कापून उचलतात. मग साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात दर एका नंबरामागे अंदाजे १४ मायक्रॉन जातात. समजा जाडी ५४०, नंबर मायनस ६. झडप ११०, लेझरचे ८४. खाली उरले ३४६. हा हिशेब निश्चिंत करणारा आहे. आता जाडी ४९० आणि नंबर मायनस ८ धरा. ११० आणि ११२ वजा जाता उरले २६८. 'किमान २५० उरले पाहिजेत' हा जुना नियम इथे पाळला जातो, त्यामुळे कुणी 'चालेल' म्हणूही शकेल. पण झडप पुन्हा बसवली तरी पूर्वीच्या ताकदीने कधीच जुळत नाही, त्यामुळे कॉर्नियाची मजबुती मोजताना तीही गेलीच म्हणायची. म्हणजे ४९० पैकी २२२ मायक्रॉन कामातून गेले, ४५ टक्के. हा आकडा ४० टक्क्यांच्या वर गेला की धोका वाढतो. अशा डोळ्यावर लेसिक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बरेच सर्जन आज २५० ऐवजी ३०० चीच मर्यादा धरतात, आणि ते योग्य आहे.

धोका कसला? पातळ झालेला कॉर्निया आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगतो. याला एक्टेशिया म्हणतात. ते काही महिन्यांनी दिसेल किंवा काही वर्षांनी. नंबर परत येतो, तोही वेडावाकडा सिलिंडर (असमान वक्रतेचा नंबर) घेऊन, आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. फुगणं थांबवण्यासाठी सीथ्रीआर, म्हणजे कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार, करावं लागतं आणि दृष्टीसाठी कडक कॉन्टॅक्ट लेन्स घालावी लागते. चष्म्यातून सुटायला गेलेल्या माणसाला ही शिक्षा फार मोठी आहे.

हाच आजार काहींना मुळातच असतो. त्याला केराटोकोनस म्हणतात. नागपूरजवळच्या ग्रामीण भागातल्या तिशीपुढच्या लोकांच्या पाहणीत, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्याचं प्रमाण २.३ टक्के निघालं. त्या पाहणीची व्याख्या जरा सैल होती असं धरलं, तरी आपल्याकडे या आजाराकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. सुरुवातीच्या अवस्थेत त्याचा पत्ता लागत नाही. चष्म्याने ६/६ दिसत असतं. नुसती जाडी मोजूनही तो पकडता येत नाही. त्यासाठी कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा लागतो. पेंटाकॅमसारख्या मशीनवर तो निघतो, आणि पहिला फुगवटा बऱ्याचदा मागच्या बाजूलाच दिसतो. दर सहा-आठ महिन्यांनी चष्मा बदलावा लागतो, सिलिंडर वाढत चाललाय, एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच वेगळा आहे, घरात कुणाला केराटोकोनस आहे, अ‍ॅलर्जीमुळे डोळे सतत चोळायची सवय आहे: यातलं काहीही असेल तर तपासणाऱ्याला न विचारता सांगा. डोळे चोळणं या आजाराला खतपाणी घालतं. ती सवय लेझरच्या आधी सुटली पाहिजे.

नकाशा खरा यायचा तर कॉन्टॅक्ट लेन्स आधी बंद हवी. सॉफ्ट लेन्स एक ते दोन आठवडे, सेमीसॉफ्ट किंवा कडक लेन्स किमान तीन-चार आठवडे. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. आदल्या रात्री काढून आलात तर मोजमाप त्या दाबलेल्या आकाराचं निघतं आणि नंबरही त्याच चुकीच्या मापाने कापला जातो. लग्नाची तारीख जवळ आलीय म्हणून ही मुदत कमी करून मागणारे पुष्कळ असतात. अशा वेळी लग्न चष्म्यात करावं, लेझर नंतर.

वयाची अट १८ सांगतात, पण मी २१-२२ च्या आधी घाई करू नका म्हणेन. वर्षभराच्या अंतराने काढलेल्या दोन नंबरांत अर्ध्याहून जास्त फरक नको. गरोदरपणी आणि बाळाला अंगावर पाजत असताना नंबर व डोळ्यांचा ओलावा दोन्ही बदलतात, म्हणून तेव्हा नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या थांबवून सहा महिने जाऊ द्यावेत.

आता पद्धती. जाहिरातींतल्या नावांनी गोंधळून जायचं कारण नाही. कॉन्टुरा म्हणजे कॉर्नियाच्या नकाशानुसार चालणारं लेसिकच. झडप त्यातही कापतात. स्माइल आणि सिल्क एका जातीचे: झडप नाही, आतल्या आत एक पातळ चकती कापून दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात. धक्का लागून झडप सरकण्याची भीती नसल्यामुळे कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग खेळणाऱ्यांना हे बरं. मात्र नंबर थोडा उरला तर तीच पद्धत पुन्हा सहज करता येत नाही. पीआरकेत झडपही नाही आणि चकतीही नाही, फक्त वरची त्वचा काढून लेझर मारतात. तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, चुरचुरतं, पाणी येतं, बँडेज लेन्स ठेवावी लागते, आणि नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे जातात. म्हणून ती कुणाला नको असते. पण जाडी बेताची, नकाशा निर्दोष आणि नंबर कमी असेल तर माझी पसंती तिलाच. नंतर काही महिने उन्हात गॉगल लावायचा, नाहीतर कॉर्नियावर धूसरपणा येऊ शकतो. मोठा नंबर आणि पातळ कॉर्निया असेल तर आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत बसवायची लेन्स. त्यात कॉर्नियाचा थर जात नाही आणि लेन्स गरज पडल्यास काढता येते. पण डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पुरेशी खोली लागते, आणि मोतीबिंदू लवकर होण्याचा थोडा धोका राहतो.

डोळे कोरडे पडणं ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, त्यामुळे अश्रू बनवण्याचा आणि पापणी मिटण्याचा इशारा मंदावतो. बहुतेकांना सहा महिने ते वर्षात आराम पडतो. अमेरिकेच्या एफडीएने करवलेल्या प्रॉउल अभ्यासात, आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी तो जाणवत होता. आधी दिव्यांभोवती वलयं न दिसणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना ती दिसू लागली होती. तरीही रोजच्या कामात खूप अडचण येणारे एक टक्क्याहून कमी होते. हे आकडे एकत्रच वाचायला हवेत. रात्री हायवेवर गाडी चालवणं हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यांनी वलयांचा मुद्दा जास्त तोलावा. एसीत दहा तास स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी शर्मर चाचणी (अश्रू किती बनतात ते मोजणारी) आणि अश्रूथर किती सेकंदांत फुटतो ते विचारावं. दहा सेकंदांच्या आत फुटत असेल तर आधी कोरडेपणाचा उपचार, मग लेझर.

पस्तिशी ओलांडलेल्यांसाठी खरा विषय चाळिशीचा. मायनस दोन-अडीच नंबरवाल्याला चाळिशीनंतर चष्मा काढला की पेपर छान वाचता येतो. लेझरने तो नंबर शून्य केला की ही सोय गेली. लांबचा चष्मा सुटला आणि जवळचा लागला. शिवण, हिशेब, दागिन्यांचं किंवा दुरुस्तीचं बारीक काम करणाऱ्याला हा सौदा तोट्याचा ठरू शकतो. एक डोळा लांबचा आणि एक जवळचा ठेवण्याचा मार्ग आहे, पण आधी तशाच नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स आठवडाभर घालून, रोजचं काम करून बघा. मेंदूला हे जुळवून घेणं जमलं नाही तर लेन्स काढून टाकता येते, लेझर नाही.

लेझरने डोळ्याच्या मागच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, काहीही फरक पडत नाही. मोठ्या मायनस नंबरचा डोळा लांबटच राहतो आणि पडदा पातळच. त्यामुळे बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी आधी हवी. छिद्र किंवा कमजोर जागा सापडली तर आधी तिच्यावर उपचार. चष्मा गेला तरी वर्षातून एकदा पडदा दाखवायचाच.

भरतीच्या तयारीत असाल तर जाहिरातीतला मेडिकलचा भाग आधी वाचा. रेल्वेत लोको पायलटसाठी लेसिक झालेला उमेदवार चालत नाही. सैन्यदलांत प्रवेशाच्या प्रकारानुसार नियम वेगळे आहेत. विम्याचंही तसंच: ७.५ पेक्षा कमी नंबरासाठीचा खर्च आरोग्य विम्यात सर्रास वगळलेला असतो.

ऑपरेशन झालं की मूळ नंबर, कॉर्नियाची वक्रता म्हणजे के-रीडिंग, जाडी आणि दोन्ही डोळ्यांचे नकाशे यांच्या प्रती मागून घ्या, मोबाइलमध्ये ठेवा आणि घरच्या फाइलमध्येही लावा. साठीनंतर मोतीबिंदूची लेन्स कुठल्या पॉवरची बसवायची हे काढताना नेहमीची सूत्रं लेझर झालेल्या डोळ्यावर चुकतात, आणि जुने आकडे हाताशी असले तर सर्जनला ती चूक भरून काढता येते. डोळ्याचा दाबही पातळ कॉर्नियावर असतो त्याहून कमी मोजला जातो, म्हणून काचबिंदूची तपासणी कुठेही करा, आधी लेझर झाल्याचं सांगा.