अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा, असे समितीचे पत्र आले आणि सर डोळ्यांसमोर उभे राहिले. आपल्या दाभोळात नुसते 'सर' म्हटले की गणिताचेच. स्नेहसंमेलने, सहली यांवर इतर जण लिहितीलच. मला सरांविषयीच लिहायचे आहे.

नववीतला आषाढ. खाडीला उधाण, पलीकडच्या धोपाव्याची होडी बंद, तिकडची मुले आलेली नव्हती. "त्यांचा धडा बुडायला नको," म्हणत सरांनी फळ्यावर 381654729 लिहिले. एक ते नऊ, प्रत्येक अंक एकदाच. मग डस्टरने उजवीकडून एकेक अंक पुसू लागले. पूर्ण संख्येला नऊने भाग जातो; शेवटचा नऊ पुसला की उरलेलीला आठने, दोन पुसला की सातने. असे थेट 38 पर्यंत. कौलांवर पाऊस कोसळत होता आणि आम्ही ओरडून भागाकार सांगत होतो. 3816547 भागिले सात, 545221, बाकी शून्य!

"अशी दुसरी आहे का?" सरांनी विचारले. नऊ अंकांच्या मांडण्या 3,62,880. करून बघणार कोण? सर म्हणाले, "करायच्या नाहीत, गाळायच्या." पाचव्या जागी पाचच हवा. सम जागी सम अंक, म्हणून विषम जागी विषम. चारची आणि आठची कसोटी लावली की चौथ्या व आठव्या जागी दोन आणि सहाच येतात. तीनची आणि सहाची लावली की मधले तीन अंक 258 किंवा 654. एवढे झाले की फक्त दहा संख्या उरतात. त्या दहांना आम्ही सातने भागत बसलो. टिकली ती एकच, फळ्यावरची.

त्या तासाला सरांनी गणितज्ञ द. रा. कापरेकरांचेही नाव सांगितले. डहाणूचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. देवळालीच्या शाळेत मास्तर, आणि 6174 या त्यांच्या संख्येने जगाला वेड लावले. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंकांच्या मोठ्यात मोठ्या मांडणीतून लहानात लहान वजा करत राहा, शेवटी 6174च येते. हे सांगताना सरांचा आवाज भरून आला होता. सर स्वतः कुठे छापून आले नाहीत, पण माझ्या लेखी त्याच पंगतीतले.

आज मी जहाजांचे आराखडे तपासतो. हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी याच संख्येचे कोडे घालतो. उत्तर ती मोबाईलवर क्षणात काढतात. दुसरी का नाही, ते विचारले की गप्प होतात. मग मी फळ्याकडे वळतो आणि "गाळायच्या" असे अगदी सरांच्या सुरात म्हणतो.

जांभ्याचा तो वर्ग पाडून आता स्लॅबची इमारत झाली. चांगलीच आहे, पण पाऊस ऐकू येत नाही. पटही किती रोडावला! घरेच्या घरे मुंबईला गेली.

सरांच्या नावाने नववीसाठी गणिताचे पारितोषिक ठेवावे, असे समितीला कळवले आहे. रक्कम माझी. प्रश्न एकच असावा, आणि त्याला तीन तास द्यावेत.