डिजिटल डायरीत फोनची वही उतरवताना

नव्वदच्या दशकात तळहाताएवढ्या डिजिटल डायऱ्या आपल्याकडे बाजारात दिसायच्या, तेव्हा घरची फोनची वही त्यात उतरवायचं काम मी घेतलं. सेल घालणं, घड्याळ लावणं, पासवर्ड ठेवणं हे सगळं चुटकीसरशी झालं. घोडं अडलं ते अक्षरांपाशी.

बटणं ए-बी-सी-डीच्या क्रमाने होती. दुकानदाराने हेच कौतुकाने सांगितलं होतं, "टायपिंग येत नसेल तरी सोपं जातं, मॅडम." मला टायपिंग येत होतं, मिनिटाला चाळीस शब्दांची इंग्रजी टायपिंगची परीक्षा मी पास झालेले. बोट सवयीने ए च्या शेजारी एस दाबायला जायचं, तिथे बी. देशपांडे लिहायचं तर डी-ई शेजारी, एस खालच्या ओळीत, एच परत वर, पी पुन्हा खाली. एकेका आडनावाला जीव मेटाकुटीला यायचा.

बरं, टायपिंग न येणाऱ्यांना तरी ते सोपं होतं का? सासूबाईंनी टायपरायटरला कधी हात लावला नव्हता. त्याही अडायच्या. क्यू हवा असला की "एल, एम, एन, ओ, पी" असं पुटपुटत बोट सरकवायच्या. एबीसीडी पाठ होती, पण ओळ ‘जे’ या अक्षरावर का तुटते आणि ‘टी’वर का, हे कुणाला पाठ असणार? आधी मनात क्रम म्हणायचा, मग डोळ्यांनी शोधायचं, अशी दुहेरी मेहनत. डोनाल्ड नॉर्मन आणि डायन फिशर या संशोधकांनी १९८२ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं की वर्णक्रमाच्या कीबोर्डचा नवख्यांनाही म्हणावा तसा फायदा होत नाही. हे मी पुढे वाचलं आणि सासूबाईंना मुद्दाम सांगितलं, कारण त्या स्वतःलाच दोष देत होत्या.

तरीही कंपन्या तसेच कीबोर्ड देत राहिल्या. ब्रिटनच्या सायऑन कंपनीचा १९८६ चा ऑर्गनायझर टू हा खिशात मावणारा संगणक वर्णक्रमाचाच होता. त्यांच्याच १९९१ च्या सीरीज थ्रीमध्ये मात्र क्वर्टी, म्हणजे टायपरायटरच्या मांडणीचा कीबोर्ड आला.

सेल बदलताना दोन्ही एकदम काढू नका, हे सांगायचं राहिलं. एक मेमरी सांभाळत असतो. दोन्ही निघाले तर भरलेलं सगळं जातं. आणि नोंद करताना आडनाव आधी घाला, नाहीतर यादी पहिल्या नावाने लागते आणि अर्धे नातेवाईक सापडत नाहीत.

अशी डायरी अजून कुणी घेणार असेल, तर दुकानातच स्वतःचं आडनाव दाबून बघा. दुकानदार घाई करेल, करू दे. मी दुसरी डायरी अशीच पारखून, क्वर्टीची घेतली. इतक्या छोट्या बटणांवर दहा बोटं मावत नाहीत, पण दोन अंगठ्यांनाही अक्षरांचे शेजारी बरोबर ठाऊक होते. एस पासूनची अडून बसलेली पानं भराभर उतरली, आणि शेवटचं वैद्यांचं नाव सासूबाईंनी स्वतः घातलं.