गोरखचिंचेभोवतीचे कडे

संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या लालबागच्या चाळीतील मंडळाचे स्नेहसंमेलन भायखळ्याच्या राणीच्या बागेत भरत असे. पहाटेपासून घराघरांत पुऱ्या तळल्या जात, आणि गिरणीतून रात्रपाळी करून आलेली मंडळी डोळ्याला डोळा न लावता, अंघोळ उरकून तशीच आमच्याबरोबर चालू लागत.

आत शिरताच मंडळाचे कार्यवाह काका आम्हां मुलांना जवळ बोलावून बागेची हकिगत सांगत. १८६२ साली सर्वांसाठी खुली झालेली ही बाग कृषी व उद्यानविद्येला वाहिलेल्या एका संस्थेने उभारली, म्हणूनच तिथे देशोदेशींची झाडे आली आणि १८७३ मध्ये ती नगरपालिकेच्या ताब्यात गेल्यावरही टिकली, हे ते दरवर्षी त्याच उत्साहाने सांगत. पुढे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नाव मिळाले, तरी चाळीच्या तोंडी राणीची बागच राहिली. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले, तो दगडी हत्ती इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत मोडला आणि नंतर सांधून इथे उभा केला गेला, हे ऐकून आम्ही त्याच्या अंगावरचे सांधे शोधत बसत असू.

पिंजऱ्यांपेक्षाही मला ओढ असे ती गोरखचिंचेची. आफ्रिकेतून आलेल्या त्या वृक्षाच्या बुंध्याभोवती मुलांनी हातात हात घालून कडे करायचे, आणि ते पुरे झाले की तिळगूळ वाटायचा, असा आमच्या मंडळाचा शिरस्ता होता. आठ मुलांत ते कडे सहज पुरे होई आणि उरलेली मुले आपली पाळी यावी म्हणून भांडत.

१९८२ साली तो रविवार १७ जानेवारीला आला. दुसऱ्या दिवसापासून गिरण्यांचा संप सुरू होणार होता. वडीलमंडळी हिरवळीवर घोळका करून हलक्या आवाजात बोलत होती. मात्र भोंगा ऐकून कामावर पळण्याची घाई नसल्यामुळे त्या दिवशी कुणीच बागेतून लवकर निघाले नाही, आणि मला ते संमेलन सर्वांत मोठे वाटले.

संप लांबला. कितीतरी बिऱ्हाडे कोकणात, घाटावर गावी परतली. पुढच्या संक्रांतीला मंडळाने वर्गणी न घेता, ज्याच्या घरी जे असेल ते आणावे असे ठरवले, आणि आम्ही गेलो तेव्हा मुले जेमतेम पाच होती. गोरखचिंचेभोवती आमचे हात पुरेनात. तेव्हा माझी आई आणि शेजारच्या दोघी काकू पदर खोचून उठल्या, आमच्यामध्ये उभ्या राहिल्या, आणि कडे पुरे झाल्यावर कार्यवाह काकांनी नेहमीप्रमाणे तिळगुळाचा डबा उघडला.